नववं चित्र

चष्मिष्टने घासायच्या चाकावरून भिंग उचललं, पुसलं, आणि कप्प्यात ठेवायच्या ऐवजी फोनच्या पडद्यावर धरलं. चित्रातला रस्त्यावरचा दिवा मोठा झाला. दिव्याला टेकलेली शिडी, शिडीवर एक मुलगी, तिच्या दातांत तारेचा तुकडा. मुलीची सावली दोन दिशांना पडली होती. अशा दोन सावल्या कोण काढतं ते त्याला आठवेना, आणि त्याला आठवू नये हेच नवल होतं.

दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांच्या नंबरची भिंगं घासायची आणि दुपारच्या सुट्टीत कट्ट्यावर डोकवायचं, हा त्याचा अकरा वर्षांचा नेम. कट्टा म्हणजे इंटरनेटवरचा गप्पांचा अड्डा. त्यात दोन दालनं : एकात संगणकाच्या अडचणी, दुसऱ्यात अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धाटणीच्या कार्टून मालिका. चष्मिष्ट हे त्याचं कट्ट्यावरचं नाव. कुठल्याही मालिकेतलं एखादं चित्र टाका, हवं तर पात्राचं तोंड झाकून टाका, हा मालिका, भाग आणि वर्ष सांगणार. केसांची बट कशी वळते, पाण्यावर उजेड कुठे ठेवलाय, एवढं त्याला पुरे. या बाबतीत त्याचा हात धरणारं कट्ट्यावर कोणी नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

हे चित्र मात्र अ‍ॅनिमेच्या दालनात आलंच नव्हतं. ‘धाकटी’ नावाच्या एका नव्या बाईंनी संगणकाच्या दालनात आपल्या मशीनचा फोटो टाकला होता. पडद्याच्या मधोमध बिघाडाची सूचना देणारी चौकट आणि तिच्या मागे ती शिडीवरची मुलगी. खाली लिहिलं होतं :

“चालू व्हायला वीस मिनिटं लागतात. आतून टकटक आवाज येतो. कॉपी करायला घेतलं की मशीन अडकतं. आतलं सगळं बाहेर कसं काढू?”

पहिलं उत्तर होतं, “ते होईल हो. मागचं चित्र कुठल्या मालिकेतलं ते सांगा.” दुसरं, “चष्मिष्टला बोलवा.” दुपारपर्यंत एकवीस उत्तरं झाली, आणि टकटकीबद्दल त्यांत चकार शब्द नव्हता. संगणकाचं दालन ‘पक्कड’ नावाचे एक गृहस्थ सांभाळत. ते लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेले होते.

चष्मिष्टने लिहिलं, “फोटोत बारकावे कळत नाहीत. मूळ फाइल मेलने पाठवता का?”

दुसऱ्या दिवशी फाइल आली. सोबत दोन ओळी.

“उघडायला अर्धा तास लागला. आणि टकटकीचं?”

“ते पक्कड बघतील. अशी आणखी आहेत का?”

होती. पुष्कळ होती. पण मशीन एका वेळी एकच उघडायचं आणि मान टाकायचं. त्यामुळे रोज एक येऊ लागलं. चष्मिष्टला तर घबाडच सापडलं. चित्रं हाताने रंगवलेली होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा होता. मुलगी डावखुरी होती. त्याने जुन्या याद्या उपसल्या, बंद पडलेल्या स्टुडिओंची माहिती धुंडाळली, परदेशातल्या दोघांना पत्रं लिहिली. कोणालाच ओळख पटेना. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

“अहो, भाजी संपली तुमची. नुसतं ताट चिवडताय.”

बायको त्याच्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये बघत होती.

“छान आहे हो. कोणी काढलंय?”

“तेच शोधतोय. एक बाई पाठवतात.”

“त्यांनाही तेच शोधायचंय?”

“नाही, त्यांच्या मशीनचा कसला तरी आवाज येतोय.”

“मग सांगितलंत का त्यांना काही?”

“पक्कड सांगतील ना. त्यांचं खातं आहे ते.”

बायकोने आणखी भाजी वाढली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तो पुन्हा त्या मुलीच्या डाव्या मनगटाकडे बघू लागला.

आठ चित्रं झाली तेव्हा त्याला राहवेना. एखाद्या हरवलेल्या चित्रपटाचा शोध आपल्याला लागतोय, अशी त्याची खात्रीच झाली होती. त्याने दुकानातूनच लिहिलं, “हे फार मोलाचं काम दिसतंय. स्टुडिओचं नाव कुठे लिहिलेलं आहे का?”

उत्तर तासाभराने आलं.

“स्टुडिओ नाही. माझी ताई. ती दुसऱ्यांच्या मालिकांसाठी मधली चित्रं काढायची. मोठे चित्रकार हात खाली असलेलं एक चित्र काढतात, हात वर गेलेलं एक काढतात. त्या दोन्हींच्या मधली सगळी ताईसारख्यांनी काढायची. नाव कुठेच येत नाही. घरी येऊन ती हे स्वतःचं काढायची. कागद ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळं स्कॅन करून मशीनमध्ये घालून ठेवलं आणि कागद रद्दीत दिले. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ते बाहेर काढायचं म्हणूनच टकटकीचं विचारत होते.”

चष्मिष्टने घासायचं चाक बंद केलं. संगणकाच्या दालनात सगळ्यात वर, कोणालाही पहिल्यांदा दिसेल असा, एक लेख तीन वर्षांपासून टांगलेला होता : टकटक ऐकू आली की त्याच क्षणी मशीन बंद करा, पुन्हा चालू करू नका, प्रत्येक वेळी आतली तबकडी थोडी खरवडली जाते. तो लेख चष्मिष्टनेच लिहिला होता, स्वतःची डिस्क गेली तेव्हा.

“आत्ताच्या आत्ता बंद करा,” त्याने लिहिलं. “काहीही उघडू नका.”

“सकाळी नववं चित्र उघडायला लावलं होतं,” धाकटीने लिहिलं. “तेव्हाच बंद झालं. आता उठत नाही.”

पक्कड परत आले. त्यांनी सगळं वाचलं आणि एकच ओळ लिहिली, “अहो, तुम्ही असून?” त्यांच्या ओळखीच्या एका जाणकाराकडे डिस्क गेली. दहा दिवसांनी निरोप आला की तबकडीवर खोल ओरखडे आहेत, काही निघणार नाही.

चष्मिष्टने माफीचं पत्र चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. त्याला भयंकर शरम वाटत होती आणि शरमेचं पत्र लिहायची त्याला सवय नव्हती. शेवटी एवढंच गेलं : “मला माहीत होतं. मी ऐकलंच नाही. मी नुसतं बघत राहिलो.”

तीन दिवसांनी उत्तर आलं.

“मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे. पण एक विचारायचंय. ती आठ चित्रं तुमच्याकडे आहेत ना? मी मेल केल्या केल्या मशीनमधून आणि मेलमधूनही काढून टाकत होते, जागा व्हावी म्हणून.”

होती. ‘अनोळखी’ नावाच्या कप्प्यात, जशीच्या तशी. ती पाठवण्यासाठी त्याने एकेक उघडलं, आणि इतके दिवस स्टुडिओची खूण समजून तो ज्या आकड्यांमागे लागला होता ते आकडे त्याने पहिल्यांदाच नीट वाचले. एकशे सोळा. एकशे तेरा. एकशे वीस. चित्रं उलटसुलट आली होती, पण होती एकापाठोपाठची. त्याने ती ओळीने लावली आणि चालवली. जेमतेम पाऊण सेकंद. मुलगी दातांतली तार काढते आणि डावा हात दिव्याकडे नेते. बस.

त्याने ते धाकटीला पाठवलं आणि आठही चित्रं वेगळी पाठवली. भिंगं तशीच पडली होती. काउंटरवरून दोनदा हाक आली.

“ताई असाच हात वर करायची,” धाकटीने लिहिलं. “मी वीसेक वेळा लावून बघितलं.”

थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली.

“नववं चित्र मी पूर्वी पाहिलंय. त्यात दिवा लागतो.”

चष्मिष्टची बोटं आपसूक अक्षरांवर गेली. उजेडाचा रंग कोणता, तो मुलीच्या तोंडावर कुठून पडतो, सावल्या तेव्हाही दोनच असतात का.

त्याने बोटं उचलली, फोन पालथा ठेवला आणि चाक सुरू केलं.