लव्हाळीतून आलेली टकटक

मी मोकोरो बोलतोय. मोकोरो म्हणजे एका अख्ख्या खोडातून कोरलेला डोणगा, लांबट होडी. सध्या गावाबाहेर पालथा पडलोय. माझ्या पोटाखाली कोंबड्या बसतात. त्यांची मला अडचण नाही, माझी त्यांना नाही. फक्त नवं पाणी यायच्या दिवसांत, उजाडताना, माझ्या अंगात टकटक होते, तेव्हा त्या उठतात आणि लांब जाऊन उभ्या राहतात. का, ते सांगतो. सावकाश सांगतो. घाई मला कधी जमली नाही.

आफ्रिकेतल्या ओकावांगो नदीच्या पाण्यातल्या एका बेटावर मी झाड होतो. मुसळाएवढी फळं लोंबायची माझ्या अंगावर. बुंधा एक आणि वर खोडं दोन, असं ते झाड. मोएती नावाच्या माणसानं ते निवडलं. कुऱ्हाड लावण्याआधी त्यानं टोपी काढली, झाडाला हात लावला आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, दोघांनाही पाण्यावरच नेणार आहे." एका खोडाचा मी झालो, दुसऱ्याचा माझा भाऊ. वाकसानं तो आम्हाला आळीपाळीनं तासायचा. भावाला घाव बसला की मला कळायचं. ते पुढेही कळत राहिलं.

आमच्याकडे पाऊस एकीकडे पडतो आणि पूर येतो दुसरीकडून. आभाळात ढगाचा टिपूस नसतो, गवत वाळलेलं असतं, आणि एका सकाळी पाणी मुकाट्यानं येऊन पावलांशी उभं राहतं. त्या पाण्याबरोबर पाणघोडे वाटा बदलतात. म्हणून लव्हाळीच्या अरुंद वाटेत शिरण्यापूर्वी मोएती थांबायचा आणि लांब काठीनं माझ्या कडेवर ठोकायचा. एकदा जोरात. मग जरा थांबून दोनदा हळू. आत पाणघोडा असला की फुसकारायचा, आणि मोएती दुसरी वाट धरायचा.

लेकीला, गाओनेला, त्यानं हेच शिकवलं. "न विचारता शिरायचं नाही. आणि पोरी, समोरून कुणी ठोकलेलं ऐकलंस तर आपण उभं राहायचं. आधी ठोकलं त्याची वाट आधी."

एके वर्षी मोएती माझ्या भावाला घेऊन निघाला. त्याची बायको सेआबेलो ताडाच्या पात्यांच्या टोपल्या विणायची. तिची एक टोपली पात्यांवाचून अर्ध्यावर अडली होती. "आणतो की पाती, त्यात काय," असं म्हणून तो गेला. तो आला नाही. भाऊही आला नाही.

गावानं पाणी पालथं घातलं. काही सापडेना, तशी लोकांची जीभ सैल सुटली. माझ्याच कडेवर बसून बाया बोलायच्या.

"बुडाला म्हणे. माणूस बुडेल गं, लाकूड कसं बुडेल?"

"लाकूड पोचलं असेल सरहद्दीपलीकडे. तिथे दुसरी चूल मांडली असेल त्यानं."

"आणि ही बसलीय ताट वाढून."

सेआबेलो खरंच ताट वाढायची. काळे कपडे घालावेत, तर मेल्याची खूण नाही. न घालावेत, तर जिवंत असल्याचा निरोप नाही. पुरायला काही नाही म्हणून रडणंसुद्धा रीतीनं झालेलं नाही. पूर आले, गेले. अर्धी टोपली खुंटीवर लटकत राहिली.

मग एका ईस्टरच्या सुट्टीत सेआबेलोचा धाकटा भाऊ, केओआगिले, शहरातून आला. तो तिथल्या छोट्या चर्चमध्ये प्रवचन करायचा. म्हणाला, "ताई, यंदाचा ईस्टर बेटावर करू. मोएती जिकडे गेला तिकडेच जाऊन प्रभूला विचारू."

मामा, भाची आणि आई, तिघं माझ्यात बसली. गाओने मागे उभी राहून काठी मारत होती.

पहिले दिवस सुट्टीसारखेच गेले. लालसर हरणांचा कळप पाणी उडवत समोरून गेला. मत्स्यगरुड ओरडला की मामा दचकायचा. बेटावर हत्ती ताडाची झाडं हलवून फळं पाडत होते, तर मामा बायबल छातीशी धरून माझ्याआड लपला.

"मामा, हत्तीला डोणगा उलटवायला किती वेळ लागतो माहितेय?"

"मी लपलो नाही. प्रार्थनेला सावली लागते."

"अरे, सिंहाच्या गुहेतल्या दानीएलावर तूच बोलतोस ना दर साली?" सेआबेलो म्हणाली.

"बोलतो की. शहरात."

सेआबेलो हसली. किती दिवसांनी हसली, कोण जाणे. पण मला काही बरं वाटत नव्हतं. बेटाला लागल्यापासून माझ्या बुडाशी काहीतरी हलकंसं आपटत होतं. पाण्यात तर काही नव्हतं.

ईस्टरच्या रविवारी उजाडताना तिघं पलीकडच्या मोठ्या डोहाकडे निघाली, सूर्य वर येताना प्रार्थना करायला. पाण्यावर धुकं असं बसलं होतं की माझं टोक मलाच दिसेना. बेडूकसुद्धा गप्प होते. लव्हाळीची वाट आली. गाओनेनं ठोकायला काठी उचलली.

"आज नको," मामा हळूच म्हणाला. "प्रभू उठला तो हा दिवस. आज पाण्याला काय विचारायचं? त्याला विचारू."

"मामा, बाबा म्हणायचे..."

"आज एक दिवस, पोरी. माझ्यासाठी."

मामाचा शब्द कोण मोडणार? तिनं न ठोकता मला आत घातलं. मामानं भजन धरलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि समोरच्या धुक्यातून आवाज आला.

एकदा जोरात. मग जरा थांबून दोनदा हळू.

भजन तुटलं. गाओनेनं काठी चिखलात रुतवून धरली. आधी ठोकलं त्याची वाट आधी. ती उभी राहिली म्हणून मीही राहिलो. तेवढ्यात माझ्या टोकापुढे पाणी फुगलं. एक काळी, झोपडीएवढी पाठ आडवी वर आली, अगदी हळू, आमच्याकडे न बघता, आणि लव्हाळी दुभंगत निघून गेली. काठीभर पुढे असतो, तर मी तुम्हाला हे सांगत नसतो.

मग पुन्हा टकटक. आता डावीकडून.

"हे त्याचं ठोकणं आहे," सेआबेलो म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जेवायला बोलावावं तसा.

मामानं टोपी काढली. "उत्तर दे, गाओने. प्रभूनं कुणाशी कसं बोलावं, हे त्यानं मला विचारून ठरवलेलं नाही."

गाओनेनं ठोकलं. पलीकडून उत्तर आलं. ठोकत, थांबत, ऐकत आम्ही डावीकडे वळलो. लव्हाळी संपली. पुढे वारुळाचा उंचवटा होता, आणि त्याच्या माथ्यावर माझा भाऊ.

कुठल्याशा मोठ्या पुरानं त्याला तिथवर उचलून नेलं असावं. तो पालथा पडला होता, कूस फाटलेली, कडेवर मुठीएवढ्या दातांची भोकं. माणूस नव्हता. मोएतीची काठीही नव्हती. गाओनेनं आणि मामानं भावाला उताणा केला. आतल्या आडव्या दांडीला ताडाच्या पात्यांचा भारा बांधलेला होता, वाळून खडखडीत झालेला. गाठ मोएतीची. सेआबेलो ती गाठ कितीतरी वेळ चाचपत राहिली.

"पाती घेऊन येत होता," ती म्हणाली. "घरी येत होता."

आणि मग तिथेच, वारुळावर बसून, ती रीतीनं रडली.

मामा उतारावर ओणवा झाला होता. हातानं माती चाचपत होता. नवं पाणी खाली, माझ्यापाशीच थांबलं होतं. भावापर्यंत ते अजून पोचलंच नव्हतं. त्याच्या आजूबाजूची माती कोरडी, भेगाळलेली. आपटेल असं तिथे काही नव्हतं. झाडाची फांदीसुद्धा नाही. वारा नव्हता.

"मामा, काय शोधताय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि हात झटकून ताईशेजारी जाऊन बसला.

सेआबेलोनं काळे कपडे घातले. ती पाती भिजवून तिनं टोपली पुरी केली. जुनी पाती आणि नवी पाती, रंगातला फरक लांबूनही दिसायचा. ती टोपली गावानं टेकाडावर मोएतीच्या नावानं पुरली आणि वर माझ्या भावाला पालथा घातला. त्या बायाही आल्या होत्या. मागे उभ्या राहून गायल्या.

आता प्लास्टिकचे डोणगे आलेत. हलके आहेत, गळत नाहीत. गाओने त्यातूनच सुट्टीला आलेली माणसं फिरवते. लव्हाळीपाशी अजून ठोकते. आवाज पोकळ येतो, पण ठोकते. मामा दर ईस्टरला येतो, आणि वाटेच्या तोंडाशी तिच्याआधी तोच गप्प होतो.

मी इथे कोरड्यात. भाऊ टेकाडावर, मातीवर. तरी पाणी यायच्या दिवसांत माझ्या कडेवर कुणीतरी ठोकतं, आणि माझं लाकूड आपसूक उत्तर देतं. कोंबड्या उठून जातात.

तुम्ही कधी इकडच्या पाण्यावर आलात आणि धुक्यातून तसं ऐकलंत, एकदा जोरात, मग दोनदा हळू, तर कोण आहे म्हणून हाक मारू नका. थांबा. त्याची वाट आधी. त्याला घरी जायचंय.