मिलुतिनसाठी एक मेणबत्ती

त्या रविवारी कुठे जायचं असं काहीच ठरलं नव्हतं. आमच्या क्राल्येवो शहरात आठवडाभर पारा एकोणचाळीसवर अडकला होता आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात भिंतीला पाठ टेकवत नव्हती. साडेअकराला खालून राय्कोच्या गाडीचा हॉर्न वाजला. राय्को हा माझ्या नवऱ्याचा, स्रेतेनचा, शाळेपासूनचा मित्र. आधी फोन करून यावं हे त्याला ठाऊक नाही.

"वहिनी," तो खालूनच म्हणाला, "कलिंगड घेतलंय. दहा किलोचं. एकट्याला संपायचं नाही. नदीवर चला."

"आत्ता? माझं जेवण शेगडीवर आहे."

"मग शेगडी बंद कर. त्यात काय विचारायचं?"

मी शेगडी बंद केली. स्रेतेनने फ्रिजमधून सॉसेज, चीज आणि अर्धा पाव पिशवीत भरला. मी टॉवेल घेतले. आमची नऊ वर्षांची कोसारा तर पोहण्याचा पोशाख घालून, कमरेभोवती फुगवलेली ट्यूब अडकवून जिन्यात उभीच होती. "हवा काढ, गाडीत मावणार नाही," म्हटलं तर म्हणाली, "मी अशीच बसेन."

इमारतीच्या दाराशी, लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर देसांकामावशी बसल्या होत्या.

मावशी पहिल्या मजल्यावर राहतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रियात. मी औषधाच्या दुकानात काम करते. कोसारा दीड वर्षाची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत माझी दुपारची पाळी असली की ती मावशींकडेच असायची. जेवणखाण, झोप, ताप, सगळं त्यांनी पाहिलं आणि त्याबद्दल कधी शब्दही काढला नाही. आदल्या वर्षी आम्ही त्यांना एकदा नदीवर नेलं होतं. जाताना वाटभर त्या पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल बोलल्या आणि तीन वाजल्यापासून घरी चला म्हणून मागे लागल्या. त्या संध्याकाळी राय्को म्हणाला होता, "वहिनी, पुढच्या वेळी आपण आपलेच."

गाडीत पाच जणांची जागा होती आणि आम्ही चौघं होतो. हे आधीच सांगून टाकते.

"कुठे निघालात एवढ्या उन्हात?" मावशींनी विचारलं.

मी काहीही म्हणू शकले असते. पण तोंडातून निघालं, "दफनभूमीत, मावशी. सासऱ्यांना मेणबत्ती लावून येतो."

स्रेतेनने माझ्याकडे पाहिलं. राय्को डिकी उघडून उभा होता; त्याने ती हळूच लावून घेतली.

"रविवारी?" मावशी म्हणाल्या. "शनिवारी जातात ना?"

"शनिवारी मला सुट्टी नव्हती."

मावशींची नजर कोसाराच्या कमरेवरच्या ट्यूबकडे गेली. निळी होती, वर पिवळे मासे. मग त्या कठड्याला धरून उठल्या. "थांबा दोन मिनिटं."

दोन मिनिटांची दहा झाली. आम्ही तापलेल्या गाडीत बसून राहिलो. "सासऱ्यांना मेणबत्ती," राय्को आरशात बघत म्हणाला. "तुझ्या बापाला बरं वाटेल रे स्रेतेन, कलिंगड घेऊन सून भेटायला येतेय."

"गप बस," स्रेतेन म्हणाला.

मावशी एकेक पायरी उतरत आल्या. हातात मधमाशांच्या मेणाच्या दोन बारीक मेणबत्त्या आणि ओल्या कागदात गुंडाळलेली गॅलरीतल्या कुंडीतली जिरेनियमची फुलं. खिडकीतून त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. "एक तुमच्या माणसाला, एक माझ्या मिलुतिनला. जूनपासून माझे गुडघे त्या चढाला नाहीच म्हणतात. फार दिवस झाले त्याच्याकडे जाऊन."

"लावते, मावशी," मी म्हटलं.

माग्लिच किल्ल्याखाली इबार नदी वळण घेते, तिथे आम्ही नेहमी उतरतो. पाणी गार होतं. राय्कोने कलिंगड दगडांच्या मध्ये पाण्यात अडकवलं, स्रेतेनने निखारे केले, कोसारा ओठ निळे पडेस्तोवर डुंबली. बाकीच्यांचा दिवस छान चालला होता. मी सॉसेज उलटत होते आणि दर पाच मिनिटांनी रस्त्यावर उभ्या गाडीकडे पाहत होते. मेणबत्त्या मी पुढच्या काचेजवळ ठेवल्या होत्या. पाच वाजता पाण्यातून बाहेर येताना उन्हाने मेण वितळेल हे लक्षात आलं, तशी धावत गेले. दोन्ही वाकून, वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. फुलं काळी पडली होती.

मी परत आले आणि टॉवेल गोळा करायला लागले.

"काय झालं?" स्रेतेन म्हणाला.

"दफनभूमीत जायचं."

"आत्ता? अगं, एवढं काय त्यात. लावली म्हणून सांग. त्या काय बघायला येणारेत का?"

"त्या येऊ शकत नाहीत म्हणूनच तर."

राय्को काही विनोद करणार होता, पण माझा चेहरा बघून त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. फाटकाजवळचं मेणबत्त्यांचं दुकान बंद होतं. आधी सासऱ्यांकडे गेलो. ईस्टरनंतर आमच्यापैकी कुणीच तिथे फिरकलं नव्हतं. गवत कोसाराच्या गुडघ्यापर्यंत वाढलेलं. स्रेतेन खाली बसला आणि हाताने उपटायला लागला. मी चिकटलेल्या मेणबत्त्या सोडवल्या, तळव्यांत घोळवून शक्य तितक्या सरळ केल्या. एक तिथे लावली.

मग माझ्या लक्षात आलं की मिलुतिनकाकांची कबर कुठे आहे ते मला माहीतच नाही. अकरा वर्षांपूर्वी अंत्यविधीला आले होते, त्यानंतर कधीच नाही. दोन हजार दगडांमध्ये मी ओळी मोजत फिरायला लागले.

"मला माहितेय," कोसारा म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"आम्ही यायचो ना. तू कामावर असायचीस तेव्हा. मी पाणी घालायचे फुलांना. मग आजोबांना सांगायचो आज काय काय खाल्लं ते."

ती ओल्या चपलांनी चढ चढून पुढे गेली आणि एका काळ्या दगडाशी थांबली. दगडावर मिलुतिनकाकांचा फोटो होता, आणि आमच्याकडे जोडीदार हयात असतानाच करतात तसा शेजारी मावशींचाही, नावासकट, जन्मसालासकट. पुढे एक रेघ आणि मोकळी जागा. कोसाराने मावशींच्या फोटोवरून बोट फिरवून धूळ पुसली. "इथे अगदीच रागावल्यासारखी दिसते," ती म्हणाली.

वाकडी मेणबत्ती कबरीपुढच्या वाळूत उभी राहत नव्हती. ती जळून संपेपर्यंत मी हातात धरून बसले. मेण बोटांवर ओघळलं. बोटं मागे घ्यावीत असं वाटलं नाही.

घरी आलो तेव्हा मावशी बाकावरच होत्या. "लावलीस?" त्यांनी विचारलं.

"लावली."

"वारा होता?"

"नव्हता."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या. माझे केस अजून ओलसर होते.

खरं सांगायचं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मी वर निघून गेले. सोमवारी दुकानातून परतताना पाहिलं तर मावशी बाकावर दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींना सांगत होत्या, "आजकालची मुलं कुणाची नसतात म्हणता तुम्ही. ही यागोदा बघा. एवढ्या उन्हात गेली माझ्या माणसाकडे." दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी मी मागच्या दाराने घरी आले. गुरुवारी मात्र राहवलं नाही. त्यांची बेल वाजवली आणि दारातच सगळं सांगितलं. नदी, कलिंगड, वितळलेल्या मेणबत्त्या, गाडीतली रिकामी जागा.

मावशी दार उघडून परत ओट्याशी गेल्या होत्या, मिरच्या भरत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मुली, कमरेला ट्यूब लावून दफनभूमीत कोण जातं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"गुडघे गेलेत माझे. डोळे आहेत." त्यांनी एक मिरची पातेल्यात उभी केली. "म्हणूनच वर जाऊन मेणबत्त्या आणल्या. म्हटलं, लाज वाटली तर तिथल्या तिथेच म्हणशील, चला मावशी."

मी विचारलं, "मग बाकावर माझं कौतुक कशाला केलंत?"

"त्या दोघींनीही ट्यूब पाहिली होती. खिडकीतच उभ्या होत्या. मी गप्प बसले असते तर वर्षभर तुला चघळलं असतं त्यांनी." त्यांनी हात पुसले. "नदीचं काही नाही गं. मला कंटाळता, तेही कळतं. मी फार बोलते. पण नाही न्यायचं तर नाही म्हणायचं. मेलेल्या माणसाला कशाला मध्ये घेतलंस?"

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच.

पुढच्या रविवारी मी सकाळी नऊलाच खाली गेले. "मावशी, चला, पुढची सीट तुमची."

"नाही येत," त्या म्हणाल्या. "तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी पाण्यात पाय घालायचे, असं नको." दार बंद झालं. त्यानंतरच्या रविवारीही तेच. आम्ही त्यांच्याशिवाय गेलो, आणि राय्कोसुद्धा त्यांच्या खिडकीखालून हॉर्न न वाजवता गाडी काढायला लागला.

ऑगस्टच्या मध्यावर, एका मंगळवारी दुपारी बारा वाजता आमची बेल वाजली. दारात मावशी. डोक्यावर गवती टोपी, हातात कापडी पिशवी, दोन जिने चढून आल्याने धाप लागलेली.

"स्रेतेन आहे का?"

"आहे. का?"

"नदीवर जायचंय. आज."

"मावशी, मला दोनला दुकानात जायचंय."

"मग राहू दे."

मी दुकानातल्या मैत्रिणीला फोन करून पाळी बदलून घेतली. स्रेतेनने कोसाराला राय्कोकडे सोडलं, त्याचीच गाडी घेतली आणि आम्हाला माग्लिचखाली आणलं. तो स्वतः झाडाखाली झोपून गेला. वाटेत मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलाव्यात, ऑपरेशनबद्दल पहिल्यापासून सांगाव्यात असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.

काठावर त्यांनी चपला काढल्या, माझा दंड धरला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरल्या. कमरेइतक्या पाण्यात एका सपाट दगडावर बसल्या. टोपी तशीच डोक्यावर. त्यांनी डोळे मिटले. मी शेजारी उभी राहून वाट पाहत होते, काहीतरी म्हणतील म्हणून.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ओढ आहे पाण्याला. तू खालच्या बाजूला उभी राहा. घसरले तर धरशील."

मी दगडाला वळसा घालून खालच्या बाजूला जाऊन उभी राहिले.