सफियाच्या पाठीवरची नवी कातडी

मी भिवंडीच्या सफियाची कातडी बोलतेय. सगळी नव्हे, तिच्या मांडीवरून काढलेला मसुराएवढा तुकडा. सात वर्षांच्या या पोरीच्या कातडीला जन्मापासून पकडच नाही. कपडा घासला तरी फोड येतो आणि फुटतो. आईबापाकडून रक्तातून आलेलं दुखणं. पाठ तर एक मोठी जखमच झाली होती.

कशेळीच्या गोदामांमागे एक प्रयोगशाळा आहे. तिथे डॉक्टर नीरजाताईंनी माझ्या पेशींमध्ये चांगलं जनुक घातलं आणि मला बशीत वाढवलं. बघता बघता मी हातरुमालाएवढी झाले. सगळे खूश होते. मी मात्र घाबरले, कारण माझ्या एका कोपऱ्यातली एक पेशी दुभंगत सुटली होती, थांबायचं नावच घेत नव्हती.

सफियाचे अब्बा फखरुद्दीन लूमवाले, घरचे यंत्रमाग. कापड पारखण्यात उभं आयुष्य गेलेलं. मला बघायला आले तेव्हा बशी उजेडात धरून त्यांनी मला चारही बाजूंनी न्याहाळलं.

"शंभर मीटरात एक धागा तुटला तरी माझ्या नजरेतून सुटत न्हाय," ते म्हणाले. "हिच्यात खोट न्हाय, डॉक्टर. लावून टाका."

"पेशी बेलगाम वाढत नाहीत ना, याचा शेवटचा रिपोर्ट यायचाय. आठ दिवस थांबू या."

"आठ दिवसांत पोरीच्या जखमा चिघळल्या तर? आणि माल इतका जोरात निघतोय. चालता लूम कोण बंद करतो?"

नीरजाताईंनी हातातली फाईल मिटली. मग त्यांनी मान डोलावली. बाप होता तो, त्याला काय बोल लावू? पण ताई, तुम्ही तर जाणत्या होतात.

मला पाठीवर लावलं. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. मी सफियाला घट्ट धरलं. एकही फोड आला नाही. महिन्याभरात ती जन्मात पहिल्यांदा उताणी झोपली. तिची अम्मी बुशरा कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. शेजारीपाजारी मिठाई गेली. रिपोर्ट आला का, हे कोणाला आठवलंच नाही.

आज सकाळी सफिया म्हणाली, "अब्बा, पाठीला एकाच जागी खाज येते. गाठ पण लागते हाताला."

"भरत आलं की खाजतं, बेटा," अब्बा हसून म्हणाले आणि त्या जागेवर त्यांनी हलकेच फुंकर घातली.

हसू नका हो. तीच ती जागा. एकीच्या आता हजारो झाल्यात आणि त्यांना आत जायची वाट सापडत चाललीय. पोरीला आजच दवाखान्यात न्या. मला कापा, फाडा, काढून फेका. मी सफियाचीच आहे, म्हणून सांगतेय.