सालकाढणी आणि चवीचे एकतीस चमचे

मी एक जुनी सालकाढणी आहे. कोणी मला पीलर म्हणतं, कोणी सोलाणं. माझी मूठ लाकडी, पातं दोन इंचांचं आणि टोकाला छोटी खोबण आहे, बटाट्याचे डोळे टिपायला. मित्रांनो, गोष्ट सांगायची मला एकच रीत येते. सालपटं काढत जायचं. काही लांब निघतील, काही मध्येच तुटतील.

पहिलं सालपट

एका पत्र्याच्या कारखान्यात यंत्राने मला एका दणक्यात जन्म दिला. दुकानात मास्तरांनी माझं पातं अंगठ्याच्या नखावर फिरवून पाहिलं आणि मला खिशात टाकलं.

मास्तर बस दुरुस्तीच्या कारखान्यातल्या कॅन्टीनचे आचारी. दोनशे माणसं जेवायची आणि रोज चाळीस किलो बटाटे लागायचे. कुस्करलेला बटाटा, बटाट्याचं सूप, बटाट्याचे काप. मेकॅनिक मंडळींनी त्यांना ‘बटाटेमास्तर’ करून टाकलं होतं.

साल काढली की ते ती खिडकीपाशी धरायचे. “सालीतून उजेड दिसला पाहिजे. नाहीतर तो बटाटा सोलला नाही, तासला.”

उजेड दिसायचा. माझ्या पात्यालाही त्यात वाटा होता, हे मी लाज न बाळगता सांगते.

दुसरं सालपट, जाड

हळूहळू साल जाड होऊ लागली. माझी धार होती तशीच होती, मास्तरांचा हात चुकत होता. बटाट्यांचे डोळे तसेच राहू लागले. एक मेकॅनिक ताटाकडे बघून म्हणाला, “मास्तर, आज भाजीच आमच्याकडे बघतेय.” सगळे हसले. मास्तरही हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच पात्याने स्वतःचा अंगठा सोलला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. रक्तातली साखरही निघाली. तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार.

“आधी हा आकडा आठच्या खाली आणा, मग डोळ्याला हात लावू,” डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मास्तर मला पुसत मावशींना म्हणाले, “डोळा झाला नाही, तर शेगडी सुटली म्हणून समजा.” मावशी म्हणजे कॅन्टीनची भांडी घासणाऱ्या बाई. त्या कमी बोलायच्या आणि सगळं बघायच्या.

तिसरं सालपट, निरनिराळ्या रंगांचं

गोळ्या सुरू झाल्या, सकाळचं चालणं सुरू झालं, आणि मास्तरांच्या ताटातला बटाटा गेला. स्वतःपुरतं ते एका लहान पातेल्यात वेगळं शिजवू लागले.

आधी रताळी आणली, भरपूर. बटाटा नाही म्हटल्यावर कितीही चालेल, असा त्यांचा हिशोब. त्यांची लेक आहारतज्ज्ञ बाईंना विचारून आली. “बाबा, रताळ्यातही पिष्ट असतं. खा, पण मोजून.”

मग सलगम आलं. मऊ साल, सरळ स्वभाव. मग नवलकोल. त्याची साल म्हणजे दोरखंड, माझं पातं टेकीस आलं. मग फ्लॉवर, ज्याला माझी गरजच नाही. तेवढ्या दिवसांपुरती मी रुसले, हेही सांगून टाकते.

मास्तर उकडलेला फ्लॉवर कुस्करून त्यात मिरपूड घालायचे आणि पुटपुटायचे, “बटाट्याचे कपडे घालून आलाय.” महिन्याभरात पुटपुटणं थांबलं. सलगमाचे काप तव्यावर कडेने तांबूस झाले, की ते स्वतःवरच खूश व्हायचे.

चौथं सालपट. फार छोटं निघालं.

तीन महिन्यांनी : नऊ पूर्णांक दोन.

पाचवं

लेक कॅन्टीनमध्येच येऊन उभी राहिली. “बाबा, खरं सांगा. बटाटा खाता ना?”

“आईशप्पथ नाही.”

“मग तो आकडा काय हवेतून आला?”

मास्तर खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. ते स्टुलावर बसले आणि मला उगाच उलटसुलट करत राहिले.

तेव्हा मावशींनी मोरीजवळून एक टोपली आणून ओट्यावर ठेवली. टोपलीत चमचे होते.

“हे काय?” मास्तरांनी विचारलं.

“तुमचे आजचे चवीचे चमचे. दर वेळी स्वच्छ चमचा घेता आणि मोरीत टाकता. मी घासते. एकतीस आहेत.”

“चव घेणं म्हणजे खाणं नव्हे, मावशी. ते काम आहे.”

मावशींनी पातेल्यातून कुस्करलेला बटाटा घेतला आणि रिकाम्या ताटलीत चमचे मोजत घातले. एकतिसावा पडला तेव्हा ताटलीची कड दिसत नव्हती.

“हे पोटाला सांगा,” त्या म्हणाल्या, “काम आहे म्हणून.”

लेक ताटलीकडे बघत राहिली. मास्तरांनी बोटाने ताटलीची कड शोधली. वीस वर्षं माझ्यातून गेलेला बटाटा मला ठाऊक होता. त्यांच्या घशाखाली गेलेला कोणीच हिशोबात धरला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही.

सहावं सालपट मोरीत वाहून गेलं. त्यात मास्तरांचा राग होता. दोन दिवसांचा. जाऊ द्या.

सातवं

दुसऱ्याच्या जिभेवर विसंबणं आचाऱ्याला फार जड जातं. चमचा मावशींच्या हातात आला.

“कसं झालंय?”

“बरं आहे.”

“बरं म्हणजे काय? मीठ?”

“आहे की मीठ.”

“आहे ते मलाही माहीत आहे. मीच घातलंय. कमी की जास्त?”

पंधरा दिवस हेच चाललं. मग एकदा मावशी चमचा चाटून म्हणाल्या, “मीठ बरोबर आहे, पण मिरपूड तुम्ही रागात घातली आहे.” मास्तरांनी पातेलं उतरवलं. त्या दिवसापासून कॅन्टीनला नवी जीभ मिळाली.

पुढची तपासणी : सात पूर्णांक सहा. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली.

शेवटचं, आतलं

एक डोळा झाल्यावर मास्तर परतले. आधी त्यांनी मला उचललं. मुठीच्या फटीत गंज होता. तो त्यांनी चिंचेने घासून काढला, मला कोरडं केलं आणि एक सलगम सोलायला घेतलं. सालपट खिडकीपाशी धरलं.

शेजारी मावशींनी, मास्तर रजेवर जाण्याआधी त्यांनी काढलेल्या सालींची बादली राखून ठेवली होती. मास्तरांनी त्यातली बोटभर जाड साल उचलली. “ही माझी? एवढी जाड? आणि तुम्ही सगळे गप्प?”

“दिसली असती का तुम्हाला, दाखवली असती तर?” मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, मला धुतलंत तर कोरडं करून ठेवा, गंज फटीतूनच शिरतो. आणि तुमच्या घरी कोणाला साखर सांभाळायची असेल, तर ताटाबरोबर त्याचे चमचेही मोजा. रागावला तर दोन दिवस रागावेल.

मास्तरांनी नवं सालपट पुन्हा वर धरलं. मावशींनी भांड्यांतून मान वर केली.

“दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“तुमचं नाक दिसतंय,” मास्तर म्हणाले, “सालीतून.”