शनीला जाऊन आलेली बाहुली

मी कोलूतली बाहुली बोलतेय. नवरात्रात चेन्नईच्या घरांतून पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात ना, त्यातलीच एक. पण माझा कशाला काही मेळ नाही. अंग पोलिसाच्या साच्यातलं, हात नर्तकीचे. डोक्यावर पांढरी वाटी पालथी घालून कुंभाराने ती हेल्मेट म्हणून रंगवली आणि अदितीला म्हणाला, "इतकंच जमेल, मॅडम."

अदिती मूळची पुण्याची. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि विज्ञानकथा लिहिते. तिच्या नव्या कथेतली यानाची कप्तान म्हणजे मी. लेकीला नवऱ्याजवळ ठेवून मी शनीपर्यंत जाते.

तिच्या सासूबाई शशिकलाअम्मा तंजावरी मराठी. मला कुठं बसवावं हेच त्यांना कळेना. वर देव, मधे राजे, खाली दुकानदार चेट्टियार, सगळे जोडीने. हळदीकुंकवाच्या बायका सुंडलची उसळ खाताखाता विचारायच्या, "हिचा जोडीदार कुठं?" शेवटी अम्मांनी चेट्टियारच उचलून माझ्या शेजारी ठेवला. त्याची बायको त्यांच्या दुकानातल्या वाटाण्याच्या राशीजवळून आमच्याकडे बघत राहिली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. आई लेकीला सोडून जाते हे वाचकांना पटणार नाही, नवरा वारला असं दाखवा, म्हणजे ती दुःखाने गेली असं होईल.

अदितीचा नवरा वादिराज म्हणाला, "मार की मला. कथा तरी छापून येईल."

अदिती हसली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणी तिची कथा घेत होतं. मी मात्र चक्रावले. नवराच मेला तर लेकीला बघणार कोण? मग तर माझं जाणं आणखीच वाईट ना? आणि त्याच अंकातल्या दुसऱ्या कथेत गुरू ग्रहावर निघालेला एक बाप होता, त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

दसऱ्याला अदितीने नवरा मेलेली कथा अम्मांना वाचून दाखवली. अम्मा भडकल्याच. "अय्यो! बरा होता की तो. कशाला मारलीस? लेकराची वेणी कोण घालणार?"

 मग अदितीने त्याला जिवंत केलं, लेकीची वेणी घालायला बसवलं आणि कथा पाठवून दिली. दुसऱ्याच दिवशी ती साभार परत आली. अदिती रडली, खूप रडली. आता दुसरा अंक शोधतेय.

मला जुन्या साडीत गुंडाळताहेत. चुकलं कोणाचं, माझं की वाचकांचं, मला अजून उमगलेलं नाही. पण कुठं ती कथा वाचलीत तर नवऱ्याची चौकशी करू नका. शनीवर काय पाहिलंस, ते विचारा. नऊ दिवसांत एकीनेही विचारलं नाही हो.