सगळ्या बाह्या डाव्या

शिवणकारखान्यात माझा तिसरा महिना संपत आला होता. मला कायम ठेवायचं की घरी पाठवायचं, हे मालक त्या शनिवारी ठरवणार होते. घरात कमावणारी मी एकटीच, त्यामुळे आठवडाभर जीव टांगणीला लागलेला. आणि नेमक्या त्याच सकाळी मी माती खाल्ली. कापडाचे थर समोरासमोर घालायचे सोडून सगळे एकाच बाजूने पसरले, कात्री चालवली, आणि चाळीस कोटांच्या झाडून सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

वळून बघते तर मालक मागे उभे. ते तोंड उघडणार, एवढ्यात कापणी बघणाऱ्या आमच्या बाई उठल्या. तीन महिन्यांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. चुकलं तर जवळ येऊन हलकेच सांगायच्या. त्या दिवशी मात्र चारचौघांत माझी बिनपाण्यानं केली.

“रोज सगळ्यांच्या आधी येतेस ती ह्यासाठी? कॉलरचं किचकट काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, तुझ्याच देते, आणि तू साध्या बाह्या बिघडवतेस? तीन महिन्यांत तुझा एक तुकडा परत आला नाही. आज काय डोळे घरी ठेवून आलीस?”

मी मान खाली घालून उभी. मनातल्या मनात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. शेवटी मालकच त्यांना म्हणाले, एवढं नका बोलू, होतं कधी कधी. जास्तीच्या डाव्या पुढच्या कामात लावा. आणि सोमवारपासून हिला कायम धरा.

नोकरी राहिली, पण अपमान काही जिरेना. दुपारी डबा खाताना मी फुगूनच बाईंना विचारलं, की मला सगळ्यांसमोर एवढं बोलायची काय गरज होती.

बाईंनी आधी तोंडातला घास संपवला.

“तुला कोण बोललं? मी मालकांशी बोलत होते.”

मग मला त्यांचं एकेक वाक्य आठवत गेलं आणि डोळे भरून आले. बाईंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच बोललं नव्हतं, सख्ख्या आईनंसुद्धा नाही, आणि मी ते मान खाली घालून ऐकलं होतं.