इसाराचा शब्द

निर्मलानं पिनचा शेवटचा आकडा दाबला आणि फोन कपाळाला टेकवला. इसार घेताना असंच करायचं असतं. रानात खतासाठी मेंढरं बसवायची ठरली की शेतकरी धनगराच्या हातावर नोट ठेवतो, धनगर ती कपाळाला लावतो आणि शेतकऱ्याच्या हातावर हात मारून म्हणतो, "शब्द दिला." नुसती नोट घेऊन खिशात घातली तर तो इसार कसला? घेणाऱ्यानंही काहीतरी द्यावं लागतं. म्हणूनच फोनवरचा माणूस, "वहिनी, तुमच्या बाजूनं पिन टाका, म्हंजे पक्कं झालं," असं म्हणाला तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मंचरच्या बँकेतल्या बाईंनी तिला बजावून सांगितलं होतं आणि तिनं मानही डोलावली होती. पण इसार म्हणजे काय नुसते पैसे?

हातातला फोन थरथरला. दोन हजार यायचे होते. खात्यातून तेवीस हजार गेले होते.

तिनं तो मेसेज तीनदा वाचला. मग त्या माणसाला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. त्यानं स्वतःचं नाव हौशीराम सांगितलं होतं, गाव निमगाव सावा. पाच एकर रान मोकळं झालंय, मेंढरं बसवा, असं इतकं गोड बोलला होता की कुणीही फसावं. ते तेवीस हजार कोकरं विकून आलेले होते. त्यातून लेकीची, सुप्रियाची, नर्सिंगची फी भरायची होती, येत्या सोमवारी.

आणि पिन टाकायच्या पाचच मिनिटं आधी तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, "इसार येतोय. निघा."

भिमा तेव्हा दोनशे मेंढरं घेऊन कळंबच्या एका रानात होता. तिथला शेतकरी अजून दोन मुक्काम करा म्हणत होता. पण इसार घेतला म्हटल्यावर थांबायचं कसं? भिमानं आणि त्याच्या भावानं, दादाभाऊनं, तंबू उपटला आणि कळप निमगावच्या वाटेला लावला.

लगेच फोन करून "थांबा" म्हणायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागणार, आणि ते का काही केल्या तिच्या तोंडातून बाहेर पडेना. तिनं भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. सासू तुकाबाई ओट्यावर लोकर पिंजत बसली होती, तिनं वर बघून विचारलं,

"आज जेवली का न्हाईस?"

"भूक न्हाई."

"सकाळपासनं फोनच बघतीयास. समदं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की," निर्मला म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

दिवस कलताना भिमाचा फोन आला. आता सांगते, असं तिनं मनाशी घोकून ठेवलं होतं. पण तो धापा टाकतच बोलायला लागला.

"नुसता ऊस हाय गं दोन्ही अंगाला. बिबट्याचं लई भ्या सांगत्यात हितली माणसं. इसार घेतला नसता तर ह्या वाटंनं मेंढरं घातलीच नसती म्या."

"अवं..."

"काय?"

"जपून जावा," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, रात्री बिबट्यानं एक कोकरू नेलं. दादाभाऊ जागाच होता, तरी गेलं. भिमा फार बोलला नाही. "हुतं नशिबात," एवढंच म्हणाला. निर्मलाला तेही सांगता येईना की नशिबाचा ह्यात काही संबंध नाही. सुप्रियानं न्याहारीच्या वेळी विचारलं, "आई, सोमवारी माझ्यासंगं तूच येशील ना फी भरायला?" तिनं हो म्हटलं. एक खोटं बोललं की ते आपल्या भावंडांना घेऊनच येतं, तसं झालं होतं तिचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला. भिमाचा आवाज चढलेला होता आणि मागं बऱ्याच माणसांचा गलका ऐकू येत होता.

"निर्मला, आमी निमगावात हाय, पारापाशी. ह्यो हौशीराम म्हनतोय, म्या इसार दिलाच न्हाई. तोंडावर म्हनतोय! म्या सांगितलं त्याला, माझी बायको अडाणी आसंल, पर खोटं बोलायची न्हाई. तू सांग, इसार आला व्हता का न्हाई? फोन मोठा केलाय म्या. समदी ऐकत्यात."

निर्मला उभीच होती, ती भिंतीला टेकली. आला व्हता म्हटलं तर भिमा त्या माणसाची गचांडी धरेल. न्हाई म्हटलं तर...

"फोन बारीक करा आदी," ती म्हणाली.

गलका थोडा मागं गेला.

"त्यो माणूस खरं बोलतोय," ती म्हणाली. "इसार आला न्हाई. आपलंच समदं गेलं. परवाच गेलं. म्या बोलले न्हाई तुमाला."

पलीकडं मेंढरं ओरडत होती. मग फोन कुणीतरी दुसऱ्यानं घेतला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, थकलेला.

"ताई, मी हौशीराम बोलतोय. खराखुरा. तुमचे मालक खाली बसलेत, पाणी दिलंय त्यांना. रान मोकळं हाये माझं, राहू द्या मेंढरं. फोनवर फसवलं की पोलिसांचा नंबर असतो ना, एक नऊ तीन शून्य, त्यावर फोन केला का तुमी?"

"न्हाई."

"करा लगेच. उशीर झालाय, तरी करा. ताई, आता तुमच्याकडं एक मागणं हाये. या आठवड्यात माझ्या दारात आलेला हा तिसरा कळप. आधीचे दोघं मला शिव्या देऊन गेले. त्यांच्या घरनं कुणी खरं सांगितलंच नसंल, मला कळतंय ते. पण गाव म्हणतंय, हौशीराम इसार देऊन फिरतो. पस्तीस वर्षांत माझा शब्द कधी खाली पडला नव्हता. तुमी आत्ता भिमाभाऊंना सांगितलं ना, तेवढंच जरा मोठ्यानं सांगाल का? पारावर माणसं हायेत."

निर्मलानं मान वर केली. लोकर बाजूला टाकून तुकाबाई उठली होती. दारात सुप्रिया उभी होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक. निर्मलाला तिच्याकडं बघवेना, पण ती तिला आत जा असंही म्हणाली नाही.

"करा मोठा," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडचा गलका हळूहळू थांबला. निर्मलानं डोक्यावरचा पदर नीट केला, जणू पारावर तीच जाऊन उभी राहिली होती.

"मी भिमाची बायकू, निर्मला," ती म्हणाली. "परवा सकाळी मला एक फोन आला..."